गर्दी, कंपू आणि तगादा: भाऊबंदकीच्या लढायांतून उरलेली भाषा

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी हडपसरच्या गाडीतळावर उभं राहून बघा. पीएमपीच्या बसला लोंबकळणारी माणसं, आकाशकंदिलांचे गाडे, उड्डाणपुलाखाली अडकलेल्या रिक्षा, आणि मगरपट्ट्याकडून सुटलेल्या ऑफिसांची रांग. फोनवर प्रत्येक जण एकच वाक्य बोलत असतो: ‘अरे, काय गर्दी आहे इथे!’

त्या माणसाला ठाऊक नसतं की तो लष्करी शब्द वापरतोय. आणि ज्या जमिनीवर तो उभा आहे, तिथेच त्या शब्दाचा जुना अर्थ एकदा पुरेपूर खरा झाला होता. २५ ऑक्टोबर १८०२. तेव्हाही दिवाळी होती. हडपसर, घोरपडी आणि वानवडीच्या मधल्या माळावर एका बाजूला यशवंतराव होळकरांची फौज होती आणि दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंदे आणि पेशवा दुसरा बाजीराव यांची. दोन्हीकडे मराठे, दोन्हीकडे पठाण, दोन्हीकडे उत्तरेतले शिपाई, दोन्हीकडे गोऱ्या अधिकाऱ्यांनी कवायत शिकवलेल्या पलटणी. होळकर जिंकले. बाजीराव पर्वतीकडून सिंहगडाच्या वाटेला लागला, पुढे वसईला पोचला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह करून बसला. मराठी राज्याच्या शेवटाची सुरुवात या तहापासून धरतात.

या लेखात त्या तहाबद्दल फार बोलायचं नाही. त्या माळावर जे हजारो शिपाई उभे होते, ते आपसांत कसं बोलत असतील, आणि त्या बोलण्यातलं आपल्या तोंडात काय उरलं, हे शोधायचं आहे.

युद्धाला घरगुती नाव

आधी युद्धाचंच नाव घेऊ. एकाच राज्यातली माणसं एकमेकांवर शस्त्र उचलतात, त्याला मराठीत ‘यादवी’ म्हणतात. कृष्णाच्या कुळातले यादव आपसांत लढून संपले, त्या महाभारतातल्या कथेवरून हा शब्द आला. पण तो पुस्तकी. लोकांच्या तोंडी बसलेला शब्द वेगळाच आहे: भाऊबंदकी. बांधावरून भांडण, विहिरीच्या पाळीवरून भांडण, आणि गादीवरून युद्ध, तिन्हींना एकच नाव. नारायणराव पेशव्याच्या खुनावर खाडिलकरांनी १९०९ मध्ये नाटक लिहिलं, त्याचंही नाव ‘भाऊबंदकी’च.

हा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात. तिथून पुढची तीस वर्षं पुण्याच्या आसपास ही भाऊबंदकी कधी धुमसत होती, कधी पेटत होती. आधी खून झालेल्याचा काका रघुनाथराव एका बाजूला आणि नाना फडणीस, सखारामबापू वगैरे कारभाऱ्यांचे ‘बारभाई’ दुसऱ्या बाजूला. मार्च १७७४ मध्ये पंढरपूरजवळ कासेगावला दोघांची पहिली मोठी लढाई झाली. त्यात बारभाईंचे सेनापती त्रिंबकराव पेठे जखमी होऊन हाती सापडले आणि मरण पावले. पुढे महादजी शिंद्यांच्या मागे त्यांच्या विधवांनी दौलतरावाविरुद्ध उठाव केला, त्याला ‘बायांचं बंड’ म्हणतात. मग १८०१ मध्ये विठोजी होळकरांना शनिवारवाड्यापुढे हत्तीच्या पायी दिलं गेलं, आणि त्यांचे भाऊ यशवंतराव पुढच्या वर्षी फौज घेऊन हडपसरला आले.

‘हत्तीच्या पायी देणं’ हा आज आपल्याला गोष्टीतला वाक्प्रचार वाटतो. १८०१ च्या पुण्यात तो लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता.

शिपायाचं बोलणं कुठे सापडतं?

अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या शिपायांची बोली आज पुस्तकभर सापडते. उत्तरेच्या शिपायाला ‘बिली यँक’, दक्षिणेच्याला ‘जॉनी रेब’. दगडासारख्या बिस्किटांत अळ्या निघायच्या म्हणून त्यांना ‘अळ्यांचा किल्ला’. हे सगळं टिकलं, कारण तिथल्या बऱ्याच शिपायांना लिहिता येत होतं. ते घरी पत्रं लिहीत आणि घरचे ती जपून ठेवत.

आपल्याकडे लिहायचं काम कारकुनाचं होतं. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे ढीग आहेत. गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड छापले. पण त्यात बोलतो तो सरदार, वकील, कारकून. शिपाई त्यात आकड्यासारखा येतो: इतके स्वार, इतकी घोडी, इतकं देणं.

म्हणून त्याचं बोलणं आडवाटेने शोधावं लागतं. एक वाट शब्दकोशाची. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, म्हणजे हडपसरच्या लढाईनंतर तीसच वर्षांनी, ती लढाई पाहिलेली माणसं हयात असताना. मोल्सवर्थ स्वतः कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. दुसरी वाट माधव जूलियनांच्या १९२५ च्या फार्सी-मराठी कोशाची, कारण छावणीतले निम्मे शब्द फार्सीतून आलेले. आणि तिसरी वाट आपलं तोंड. शिपाई घरी परतला, गावात बोलला, आणि त्याचे शब्द कागदाला न शिवता आपल्यापर्यंत आले.

पगार कधी होणार?

या शब्दांत शत्रूचे शब्द फार नाहीत. शत्रूसाठी जुना शब्द होता ‘गनीम’, आणि गंमत म्हणजे मोगल तो मराठ्यांसाठीच वापरत. त्यातूनच ‘गनिमी कावा’ आला. पण समोर शिंद्यांच्या किंवा होळकरांच्या निशाणाखाली आपल्याच शेजारच्या गावचा माणूस असेल, तर त्याला गनीम म्हणणार कसं?

शब्द भरपूर आहेत ते पैशांचे.

स्वारांत दोन जाती होत्या. स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिलेदाराचा मान मोठा, पगारही जास्त. पण लढाईत घोडं मेलं, तर त्याचं भांडवलच मेलं. आज आपण ‘पक्षाचे बिनीचे शिलेदार’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे शूर माणूस येतो. ‘बिनी’ म्हणजे फौजेची सगळ्यात पुढची तुकडी, तेव्हा शौर्य त्यात होतंच. पण तो माणूस आपली घरची इस्टेट पायाखाली घेऊन तोफेसमोर जात होता, हेही त्यात होतं. स्वतःच्या गाडीचे हप्ते फेडत डिलिव्हरी करणाऱ्याला शिलेदाराचं गणित कुणी समजावून सांगायला नको.

मोहिमेआधी या स्वाराला आगाऊ रक्कम मिळे. तिचं नाव ‘नालबंदी’, म्हणजे घोड्याला नाल ठोकायचा खर्च. त्यानंतरचा पगार कधी मिळेल याचा भरवसा नसे. सहा सहा महिने, वर्ष वर्ष थकत असे. मग सुरू होई ‘तगादा’. आज हा शब्द बँकेच्या वसुली एजंटचा आहे. छावणीत तो उलट दिशेने चालायचा: लहान माणूस मोठ्या माणसाकडे तगादा लावायचा.

तगाद्याने भागलं नाही तर ‘धरणं’. धनकोनं ऋणकोच्या दारात उपाशी बसायचं आणि त्यालाही जेवू, हलू द्यायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. शिपायांनी ती सरदाराच्या तंबूपुढे नेली. थॉमस ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीसोबत होता. त्याची पत्रं १८१३ मध्ये छापली गेली. त्या पत्रांत पगारासाठी बसलेल्या शिपायांची अशी धरणी आहेत. ज्याच्या हुकमावर मरायचं त्यालाच तंबूत कोंडायचं. पुण्यात आजही जिल्हाधिकारी कचेरीसमोर कामगार धरणं धरतात तेव्हा मागणी बहुतेक वेळा तीच असते: थकलेला पगार द्या.

गारदी, गर्दी, गारद

थकलेल्या पगाराचा धागा थेट नारायणरावाच्या खुनापर्यंत जातो. खून केला गारद्यांनी. ‘गारदी’ म्हणजे युरोपीय पद्धतीने शिकवलेला पायदळ शिपाई. शब्द आला फ्रेंच ‘गार्द’ किंवा पोर्तुगीज ‘ग्वार्दा’वरून, अर्थ पहारा. म्हणजे राखणदाराच्या नावावरून आलेला शब्द मराठीत मारेकऱ्याचा झाला. सुमेरसिंग गारद्याची माणसं वाड्यात घुसली ती थकलेल्या पगाराचा ओरडा करत, असं सांगितलं जातं. पुढची गोष्ट प्रत्येक पुणेकराला पाठ आहे: रघुनाथरावाच्या चिठ्ठीत ‘धरावे’ होतं, कुणीतरी ‘ध’चा ‘मा’ केला. ती कथा खरी असो वा नसो, ‘ध चा मा करणं’ हा वाक्प्रचार या भाऊबंदकीने आपल्याला दिला, आणि तो अजून रोज वापरात आहे.

आता ‘गर्दी’. गारदी आणि गर्दी यांचं नातं नाही, फक्त कानाला तसं वाटतं. फार्सीत ‘गर्दी’ म्हणजे फिरणं, उलथापालथ. हिंदी-उर्दूत तो शब्द अजून त्या रागात आहे: गुंडागर्दी, दहशतगर्दी. मराठीतही गर्दी म्हणजे दंगा, कापाकापी, पळापळ. पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या फौजेची जी वाताहत झाली, तिला ‘भाऊगर्दी’ म्हणू लागले. आज ‘पर्यायांची भाऊगर्दी’ असं मोबाइल विकत घेतानाही म्हणतात. हळूहळू गर्दीतलं रक्त पुसलं गेलं आणि नुसती दाटी उरली. गाडीतळावर फोनवर बोलणारा माणूस ही उरलेली दाटी सांगतो.

तिसरा शब्द ‘गारद’. ‘पाहुणा संघ १२० धावांत गारद’ हे शीर्षक आपण दर आठवड्याला वाचतो. हा गारद पहाऱ्याचा नव्हे. तो उर्दूतल्या ‘ग़ारत होना’चा भाऊ, मूळ अरबी, अर्थ लूट आणि नासधूस. गावं गारद व्हायची. आता फलंदाज होतात.

कंपू आणि पलटण

सोशल मीडियावर कुणाशी वाद झाला की आपण म्हणतो, ‘त्यांचा कंपू आहे.’ हा कंपू म्हणजे काय? पोर्तुगीज ‘कांपो’, म्हणजे तळ. महादजी शिंद्यांनी द बॉइन या फ्रेंच बोलणाऱ्या सरदाराकडून कवायती फौज उभारली. बंदूकधारी पलटणी आणि तोफा मिळून जी ब्रिगेड होई तिला कंपू म्हणत. हडपसरला शिंद्यांच्या बाजूने असे कवायती लोक शेवटपर्यंत उभे राहिले आणि त्यांचा कप्तान डॉज तिथेच मारला गेला. होळकरांनी स्वतः घोडदळ घेऊन त्यांच्यावर चाल केली होती.

शिलेदारांना हे कंपूवाले आवडत नसणार, हे समजायला जड नाही. यांचा गणवेश वेगळा, हुकूम परक्या भाषेत, पगाराला जहागिरी तोडून दिलेल्या, आणि निष्ठा आपल्या कप्तानाशी. ‘आपापसांत चिकटलेला, बाहेरच्याला आत न घेणारा गट’ हा आजचा अर्थ हवेतून आलेला नाही. बाहेरून पाहणाऱ्याच्या कुरकुरीचा वास त्याला आहे.

त्याच कवायती फौजेतली ‘पलटण’ मात्र आपण लाडात घेतली. ‘पोरांची पलटण आली’ म्हणताना कुणाला बंदूक आठवत नाही. ‘मोर्चा’चंही तसंच. मोर्चा म्हणजे किल्ल्यासमोर तोफा लावायची जागा. म्हणून आपण अजून मोर्चेबांधणी करतो आणि दुसरीकडे मोर्चा ‘वळवतो’, जसं तोफेचं तोंड वळवावं. फक्त रस्त्यावर उतरल्यावर त्या मोर्च्याला पाय फुटले.

फितूर कोण?

भाऊबंदकीतल्या छावणीत शिपायाला सगळ्यात जास्त भीती कसली असेल? तोफ दिसते. आपला सरदार उद्या कुठल्या बाजूला असेल, ते दिसत नाही.

म्हणून या भाषेत कानाचे शब्द खूप. ‘गोट’ म्हणजे सरदाराचा तळ. शिंद्यांच्या गोटात काय चाललंय, हे होळकरांच्या गोटात कळायचं, आणि आजही राजकीय बातमी ‘विरोधकांच्या गोटातून’च फुटते. ‘आवई’ म्हणजे फौज आल्याची खोटी-खरी बातमी. ‘हूल’ म्हणजे मुद्दाम उठवलेली खोटी चाल किंवा घबराट. फॉरवर्ड केलेल्या मेसेजला नवं नाव शोधायची गरज नाही, आवई पुरेसा आहे.

आणि या सगळ्यांचा राजा, ‘फितूर’. मूळ अरबीत त्याचा अर्थ ढिलेपणा, उणीव. मराठीत तो झाला शत्रूला मिळालेला माणूस. पण जरा थांबून १७७४ च्या कासेगावात जाऊ. रघुनाथराव म्हणतात, गादी माझी, बारभाई फितूर. बारभाई म्हणतात, गादी नारायणरावाच्या वंशाची, दादासाहेब खुनी. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर नारायणरावाच्या विधवेला मुलगा झाला, म्हणजे लढाईच्या दिवशी ज्याच्या नावाने बारभाई लढत होते तो जन्मलाही नव्हता. दोन्ही फौजा पेशव्याचीच चाकरी करत होत्या. अशा वेळी रघुनाथरावांकडचा शिलेदार सोडून बारभाईंकडे गेला, तर तो फितूर झाला की धन्याकडे परतला?

याचं उत्तर लढाई कोण जिंकतं त्यावर ठरलं. हा शब्द आजही आपण सहज फेकतो, मतभेद झाला की लगेच. ज्या काळाने तो धारदार केला, त्या काळात त्याचा अर्थ एकच होता: तू माझ्या बाजूला नाहीस. त्यापलीकडे काही सिद्ध होत नव्हतं.

ज्यांच्यावर फौज गेली, त्यांचे शब्द

शिपायाबद्दल कणव वाटू लागली की दुसरी बाजू आठवावी. थकलेला पगार शेवटी कुठून तरी वसूल व्हायचाच. १७९८ मध्ये दौलतरावाचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी फौजेच्या खर्चासाठी पुण्यातल्या सावकारांना, व्यापाऱ्यांना, जुन्या कारभाऱ्यांना पकडून, छळ करून पैसा काढला. हडपसरच्या लढाईनंतर होळकरांनीही शहराकडून वसुली केली. ‘खंडणी’ हा राज्याराज्यांतला व्यवहार, तो पेठेतल्या घराच्या दारात आला. पुणे पोलिसांत आज खंडणीविरोधी पथक आहे. शब्दाचा हा प्रवास मुलुखातून गुन्ह्याकडे झाला, आणि त्यातला एक टप्पा पुण्याच्या पेठांतच पार पडला.

पगाराशिवाय, केवळ लुटीवर जगणारे पेंढारीही या भांडणात वाटले गेले होते: एक शिंदेशाही, दुसरे होळकरशाही. लुटल्या जाणाऱ्याला त्या फरकाचा काय उपयोग?

दूरच्या लोकांनीही आपले शब्द ठेवले आहेत. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. बारगीर तिथे ‘बर्गी’ झाला. बंगाली आया अजून मुलाला झोपवताना बर्गी येणार म्हणून अंगाई गातात. आपल्याकडे बारगीर हा सरकारी घोड्यावरचा गरीब चाकर. तिकडे तो बागुलबुवा. दोन्ही अर्थ खरे आहेत.

आणि एक शब्द फौजेच्या आतल्याच लोकांवर पडला. ‘बुणगे’ म्हणजे सामानसुमान आणि ते वाहणारी माणसं. त्यांच्यासोबत छावणीचा बाजार चाले: वाणी, लोहार, दळणाऱ्या बाया, गवत कापणारे, तंबू ठोकणारे. लढणाऱ्यांनी त्यांना म्हटलं बाजारबुणगे. आज तो शब्द म्हणजे बिनकामाची माणसं. पण घोड्याला गवत कुणी आणलं असेल? नाल कुणी ठोकली असेल? फौज पळाली की सगळ्यात आधी सापडायचे ते हेच, कारण त्यांच्याकडे घोडं नसायचं.

कामास आला

एक शेवटचा शब्दप्रयोग. लढाईनंतर लिहिलेल्या मराठी पत्रांत मेलेल्या माणसाबद्दल ‘मेला’ असं सहसा येत नाही. येतं ते ‘कामास आला’. आपण अजून म्हणतो, ‘लढाईत कामी आला’. शब्द मायेचा आहे. मरण वाया गेलं नाही, धन्याच्या कामाला लागलं, असं घरच्यांना सांगणारा.

वानवडीला गेलात तर महादजींच्या आठवणीतली शिंद्यांची छत्री बघा. तिच्या आसपासच्या जमिनीवर १८०२ च्या दिवाळीत जे पडले, त्यांच्यापैकी बहुतेकांची नावं कुठल्या दगडावर नाहीत. होळकरांचे शिपाई आपल्या धन्याच्या भावाच्या सुडासाठी लढले. शिंद्यांचे शिपाई शिंद्यांच्या दरबारातल्या वजनासाठी लढले. दोघांचा पेशवा एकच होता, आणि तो दोन महिन्यांनी वसईला सही करून मोकळा झाला.

दोन्ही बाजूंच्या घरी निरोप गेला असेल तो याच शब्दांत, तुमचा माणूस कामास आला. कुणाच्या, ते निरोप आणणाऱ्याला विचारून बघायची सोय नव्हती. आज गाडीतळावर बसची वाट बघताना ‘काय गर्दी आहे’ म्हणाल, तेव्हा तो प्रश्न त्यांच्या वतीने एकदा मनात विचारायला हरकत नाही.